बस चढते, ग्राफ उतरतो

अकरावीची नवी बॅच शिकवणीला आली की पुस्तक उघडायच्या आधी मी एक प्रश्न टाकते. कदंबची, म्हणजे गोव्याच्या सरकारी सेवेची, बस केरीहून निघाली, चोर्ला घाट चढली आणि वर सपाटीला लागली. तिच्या वेगाचा ग्राफ काढा. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर वेग. आकडे नकोत, नुसता आकार चालेल.

दर वर्षी वह्यांमध्ये डोंगर उगवतो. छान, गुळगुळीत डोंगर. काही जण हौसेने घाटाची वळणंही काढतात. एकीने तर माथ्यावर झाड काढून दिलं होतं.

"घाट चढताना बस जोरात जाते की हळू?" मी विचारते.

"हळू, टीचर."

"मग तुझी रेघ वर का चाललीय?"

"बस वर चाललीय ना!"

गंमत अशी की पोराला दोन्ही गोष्टी ठाऊक असतात. साखळीची, केरीची, होंड्याची ही मुलं. बेळगावला जाताना त्या घाटात खिडकीला डोकं टेकून बसलेली. ड्रायव्हर गिअर उतरवतो, इंजिन कण्हायला लागतं, मागचा बाइकवाला कंटाळून पुढे काढतो, हे त्यांना मी सांगायची गरज नाही. पण हातात पेन्सिल आली की हात रस्ताच काढतो.

खरा ग्राफ असा येईल. केरी सोडल्यावर रेघ झटकन वर जाते आणि थोडा वेळ साधारण सपाट राहते. चढण लागली की खाली येते. प्रत्येक मोठ्या वळणावर एक खळगा, वळण संपलं की जराशी वर. माथ्यावर सपाटी आली की पुन्हा उंच. म्हणजे बस चढत असते तेव्हा ग्राफ उतरत असतो, आणि डोंगर काढणाऱ्याने नेमकं उलटं काढलेलं असतं. वळणं काढणाऱ्याचं तर आणखी पुढचं. त्याची रेघ मागे वळून आलेली असते, म्हणजे एकाच क्षणी बसचे दोन-दोन वेग!

हा डोंगर येतो कुठून? माझं मत असं, की तो आम्हा मोठ्यांनीच आधी त्यांच्या डोक्यात घालून ठेवलेला असतो. भूगोलात सह्याद्रीचा छेद शिकवतात. डावीकडे समुद्र, मग किनारपट्टी, मग एकदम उभा घाट, मग पठार. सायकलवाल्यांच्या अॅपवर राइड संपली की चढ-उतारांची रेघ दिसते, तीही तशीच. या दोन्ही ठिकाणी आडवं अंतर असतं आणि उभी उंची, त्यामुळे तिथली रेघ म्हणजे खरोखरच रस्ता. मुलं हे वाचायला नीट शिकलेली असतात. मग नववीत आम्ही आडव्या अक्षावरचं अंतर काढून गुपचूप वेळ ठेवतो, उभ्यावरची उंची काढून वेग ठेवतो, आणि पोरांनी ते आपणहून ओळखावं अशी अपेक्षा धरतो.

हे फक्त आमच्या सत्तरी-डिचोलीच्या मुलांचं आहे असं कोणी समजू नये. लिलियन मॅकडरमॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना असे प्रश्न घातले होते; त्यावरचा त्यांचा लेख १९८७ मध्ये आला. पुढे १९९४ मध्ये रॉबर्ट बाइक्नर यांनी गतीच्या ग्राफवरची एक अख्खी चाचणीच प्रसिद्ध केली. तिथेही तेच. ग्राफला चित्र समजायचं, रेघेची उंची आणि रेघेचा स्लोप, म्हणजे तिरकेपणा, यांत गल्लत करायची, क्षेत्रफळ कशाचं आणि का काढायचं याचा पत्ता नाही. पालकांना हे सांगितलं की त्यांचा जीव भांड्यात पडतो. "म्हणजे आमचा बाबू ढ नाही ना, टीचर?" नाही हो, अमेरिकेतला बाबूसुद्धा हेच करतो.

माझ्या शिकवणीत त्यामुळे एक नियम आहे. ग्राफबद्दल तोंड उघडायच्या आधी उभ्या अक्षावर काय लिहिलंय ते मोठ्याने वाचायचं. "स्थान, मीटरमध्ये." "वेग, मीटर दर सेकंद." बारावीतल्या दादांनासुद्धा सूट नाही. त्यांना ते बालवाडीतलं वाटतं, वाटू दे.

नियम का, ते एकाच आकाराने कळतं. फळ्यावर मी तीन रेघांचा आकार काढते. एक चढती, मग एक सपाट, मग उतरून आडव्या अक्षाला टेकणारी. उभ्या अक्षावर लिहिते 'स्थान'. ही झाली चोडणची फेरी, म्हणजे फेरीबोट. माझं माहेर चोडणचं, त्यामुळे उदाहरण माहेरचंच येणार. रायबंदरचा धक्का म्हणजे शून्य. फेरी निघाली, मांडवी ओलांडून चोडणच्या धक्क्याला लागली, ही चढती रेघ. स्कूटर उतरल्या, गाड्या चढल्या, कोणीतरी माशांची पाटी विसरलं म्हणून ओरडा झाला, तेवढा वेळ रेघ सपाट. घड्याळ चाललंय, फेरी जागची हलत नाही. मग उतरती रेघ, आणि ती शून्याला टेकली तेव्हा फेरी परत रायबंदरला.

आता आकार तोच ठेवून 'स्थान' पुसते आणि 'वेग' लिहिते. बस साखळी स्टँडवरून सुटली. पाच सेकंदांत शून्यावरून सेकंदाला १० मीटरवर गेली, पुढची वीस सेकंदं तेवढ्याच वेगाने चालली, मग पाच सेकंदांत ब्रेक मारून थांबली. शेवटी बस कुठे आहे?

"स्टँडवर," असं उत्तर येतंच. रेघ शून्यावर आली ना!

पण शून्यावर आला तो वेग. बस रस्त्यात पुढे कुठेतरी उभी आहे. किती पुढे? रेघेखालचं क्षेत्रफळ काढा: २५ अधिक २०० अधिक २५, म्हणजे २५० मीटर. फेरीच्या ग्राफमधली सपाट रेघ म्हणजे उभं राहणं होतं, इथली सपाट रेघ म्हणजे एकसारख्या वेगाने धावणं. तिथली उतरती रेघ म्हणजे मागे फिरणं, इथली म्हणजे ब्रेक. बस या अख्ख्या ग्राफमध्ये एकदाही मागे फिरलेली नाही. मागे फिरायचं तर रेघ अक्षाच्या खाली जायला हवी.

फेरीच्या परतीच्या रेघेवर एकदा मजा झाली. एका मुलाने ती खाली न आणता डावीकडे वळवली. फेरी आली त्या बाजूला परत जाते, म्हणून रेघही परत. मी त्या रेघेच्या मध्यावर खडू टेकवून विचारलं, "इथे किती वाजलेत?" तो बघत राहिला. आठ दहाला निघालेली फेरी साडेआठला पोचून सव्वाआठला परत आली होती. "टीचर, ती पोचायच्या आधीच परत आली पण!" असं म्हणत त्याने स्वतःच डस्टर उचलला. आडव्या अक्षावर मागे जायला वाट नाही, हे त्याला मी पाच वेळा सांगून जेवढं कळलं असतं त्याहून ते जास्त पक्कं झालं असावं.

२०२५ च्या पावसाळ्यात रायबंदर-चोडण मार्गावर रो-रो फेरी सुरू झाली. जुन्या फेऱ्यांपेक्षा ती झपाट्याने जाते. मुलांना तिचा ग्राफ जुनीच्या ग्राफवर काढायला सांगते. नदी तेवढीच, त्यामुळे रेघ तेवढ्याच उंचीला पोचते, पण जास्त उभी. उंची म्हणजे कुठे, तिरकेपणा म्हणजे किती वेगाने. इतकंच.

क्षेत्रफळाचं प्रकरण मात्र इतकंच नाही. वेगाच्या ग्राफखालचं क्षेत्रफळ म्हणजे कापलेलं अंतर, हे वाक्य मुलं घडाघडा म्हणतात. का, असं विचारलं की शांतता. फार तर एखादा हुशार म्हणतो, वेग गुणिले वेळ. बरोबर आहे, पण वेग बदलत असला तर कुठला वेग गुणायचा? इथे मी फळा सोडून बलकावात, म्हणजे दारापुढच्या बसायच्या जागेत, येते. आमच्या जुन्या घराचा बलकाव आणि त्याला लागून लांब ओसरी, लाल सिमेंटची. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेसाठी याहून चांगली जमीन नाही, कारण तिच्यावर पाण्याचा थेंब लगेच उठून दिसतो.

फार्मसीतून सलाईनचा सेट आणायचा, तो ज्याला नळी, थेंब दिसणारी छोटी कुपी आणि गती कमी-जास्त करायचं चाक असतं. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीला तो लावून बाटली उलटी धरायची, बुडाला सुईने भोक पाडायचं, म्हणजे हवा आत जाऊन थेंब अडत नाही. चाक फिरवत फिरवत सेकंदाला दोन थेंब पडतील असं जमवायचं. एकाने मोबाइलवर स्टॉपवॉच धरून थेंब मोजायचे, दुसऱ्याने चाक फिरवायचं, तिसऱ्याने "आता पुरे, आता पुरे" म्हणायचं. जमलं की नळीचं तोंड घोट्यापाशी धरून एकाने ओसरीवरून चालत जायचं. आधी रमतगमत, मग हळूहळू वेग वाढवत.

मागे जमिनीवर थेंबांची रांग राहते. सुरुवातीला जवळजवळ, पुढे लांब लांब. दोन थेंबांमध्ये अर्धा सेकंद, कुठेही बघा. पाणी सुकायच्या आत प्रत्येक थेंबाभोवती खडूने गोल काढायचा. (मेमध्ये हे काम धावत करावं लागतं. जूनमध्ये ओसरी कोरडी मिळाली तर नशीब.)

एका वर्षी एका मुलाने फार चांगली शंका काढली. थेंब नळीतून सुटून जमिनीवर पडेपर्यंत हात पुढे गेलेला असतो, मग खूण मागे पडणार नाही का? नाही पडत. सुटताना थेंबाला हाताचाच वेग असतो, तो हवेत असतानाही पुढे जातच असतो. चालणारा एकसारख्या वेगाने चालत असेल तर थेंब हाताच्या बरोबर खाली पडतो. वेग वाढवत असेल तर किंचित मागे राहील, पण नळी घोट्यापाशी असल्यामुळे हवेतला वेळच एवढा कमी की फरक खडूच्या जाडीत जातो. ही शंका काढणाऱ्याला त्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी चहा दिला.

आता वर्तमानपत्राची रद्दी आणि कात्री. सगळ्या पट्ट्या एकाच रुंदीच्या, दोन बोटं. पहिल्या दोन गोलांमधल्या अंतराएवढी पहिली पट्टी, पुढच्या दोन गोलांमधल्या अंतराएवढी दुसरी, असं शेवटपर्यंत. मग भिंतीवर एक आडवी रेघ मारायची आणि त्या रेघेवर पट्ट्या एकीला खेटून एक अशा उभ्या चिकटवायच्या.

समजा पट्ट्या आल्या २०, ३०, ४०, ५० आणि ६० सेंटिमीटरच्या. प्रत्यक्षात एवढ्या सरळ कधीच येत नाहीत, २८ आणि ४३ असल्या येतात, पण लिहायला हे सोपं. भिंतीवर एक जिना तयार होतो. मी विचारते, ही पट्टी काय सांगते? या अर्ध्या सेकंदात किती अंतर गेलं. म्हणजेच वेग. प्रत्येक पट्टीची रुंदी कशाची? अर्ध्या सेकंदाची. मग भिंतीवर हे काय लावलंय आपण?

"ग्राफ!" कोणीतरी ओरडतं. वेगाचा ग्राफ, रद्दीतून कापलेला.

आणि आता ज्यासाठी हा खटाटोप केला ते. या सगळ्या पट्ट्या सोडवून पुन्हा जमिनीवर एकापुढे एक ठेवल्या तर? ओसरीचा तेवढाच भाग पुन्हा तयार होतो, २०० सेंटिमीटर. भिंतीवर जेवढा कागद आहे तेवढंच अंतर चाललेलो आहोत. कागद म्हणजे क्षेत्रफळ. एकदा हाताने चिकटवल्यावर पुन्हा 'का' असं विचारावं लागत नाही.

पुढची पायरी माझ्या विशेष आवडीची. ६० च्या पट्टीचा वरचा २० चा तुकडा कापा आणि २० च्या पट्टीवर लावा. ५० चा १० कापा आणि ३० वर लावा. सगळ्या पट्ट्या ४० च्या झाल्या, जिन्याचा सपाट आयत झाला, कागद तेवढाच राहिला. म्हणजे एकसारखा वेग वाढवत चालणारा माणूस आणि सुरुवातीपासून मधल्या वेगाने चालणारा माणूस सारख्याच वेळात सारखंच अंतर जातात. चौदाव्या शतकात ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजमधल्या विद्वानांनी हे मांडलं होतं, आणि त्याच शतकात फ्रान्समध्ये निकोल ओरेम याने त्यासाठी चक्क आकृती काढली. पायाच्या रेघेवर वेळ, तिच्यावर उभ्या रेघा म्हणजे त्या त्या क्षणाचा वेग, आणि त्रिकोणाचं क्षेत्रफळ निम्म्या उंचीच्या आयताएवढं. गॅलिलिओने १६३८ मध्ये पडणाऱ्या वस्तूंबद्दल लिहिताना जवळपास हीच आकृती वापरली. ओरेमकडे ना स्टॉपवॉच होतं ना सलाईनचा सेट. नुसत्या विचाराने तो तिथे पोचला, याचं मला दर वर्षी नव्याने आश्चर्य वाटतं आणि मुलांना अजिबात वाटत नाही.

चालणारा परत फिरला तर? परतीच्या पट्ट्या रेघेच्या खाली लावायच्या. वरचा कागद आणि खालचा कागद सारखा झाला तर माणूस निघाल्या जागी आला. डिस्प्लेसमेंट, म्हणजे विस्थापन, शून्य, पण कागद दुप्पट खर्च झाला, ते झालं डिस्टन्स. फेरीचा खलाशी दिवसभर मांडवी ओलांडत असतो आणि संध्याकाळी त्याचं विस्थापन शून्य, हे ऐकून एकजण म्हणाला, "टीचर, त्याला पगार डिस्टन्सवर द्यायला हवा."

दोन रेघा एकमेकींना छेदतात तो प्रश्न परीक्षेत हमखास येतो, आणि तिथेही उभा अक्ष न वाचणारा हमखास पडतो. स्थानाच्या ग्राफमध्ये छेदबिंदू म्हणजे भेट. एकाच वेळी एकाच ठिकाणी दोघं. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्या दारात आहे, कोकण रेल्वे. थिवीहून मुंबईला जाणाऱ्यांना माहीत असेल. गाडी स्टेशनात येते आणि थांबून राहते. लोक उतरून पाय मोकळे करतात, कोणीतरी विचारतं काय झालं, कोणीतरी जाणकारपणे सांगतं, "क्रॉसिंग आहे." मग शेजारच्या रुळावरून समोरची गाडी धडधडत जाते आणि थोड्या वेळाने आपली हलते.

सुमारे ७४० किलोमीटरचा हा मार्ग २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण खुला झाला. अलीकडे रोहा ते वीर एवढा तुकडा दुहेरी झाला, पण गोव्यातून जाणारा मार्ग एकेरीच आहे. आता कागदावर आडवी वेळ घ्या आणि उभ्या अक्षावर पेडणे, थिवी, करमळी, वेर्णा, मडगाव अशी स्टेशनं, त्यांच्यातल्या खऱ्या अंतराप्रमाणे. प्रत्येक गाडी म्हणजे एक रेघ. मडगावकडे जाणाऱ्या एका बाजूला कललेल्या, मुंबईकडे जाणाऱ्या दुसऱ्या बाजूला. समोरासमोरच्या दोन गाड्यांच्या रेघा कुठेतरी छेदणारच. एकेरी मार्गावर तो छेद स्टेशनाच्या आडव्या रेघेवरच पडला पाहिजे, आणि तिथे निदान एका गाडीची रेघ थोडा वेळ सपाट झाली पाहिजे. छेद दोन स्टेशनांच्या मध्ये पडला तर त्याचा अर्थ काय, हे मुलांना सांगावं लागत नाही. सगळी एकदम "आई गं" करतात. रेल्वेत कंट्रोलवाले गाड्या खरोखर अशाच कागदावर आखत आले आहेत. फ्रान्समध्ये पॅरिस ते लिआँ मार्गाचं असं रेघांचं वेळापत्रक १८८० च्या दशकात छापलेलंही आहे. थिवीच्या फलाटावर वैतागून घड्याळ बघणारे आपण सगळे कुठल्यातरी ग्राफमधल्या एका सपाट रेघेवर उभे असतो.

वेगाच्या ग्राफमध्ये मात्र छेदबिंदू म्हणजे भेट नव्हे. बस सेकंदाला ८ मीटर या एकसारख्या वेगाने खांबाजवळून गेली. त्याच क्षणी खांबाजवळ उभा असलेला बाइकवाला निघाला आणि दर सेकंदाला १ मीटर दर सेकंद असा वेग वाढवत गेला. बसची रेघ आडवी, बाइकची तिरकी, दोन्ही आठव्या सेकंदाला छेदतात. "इथे बाइकने बस गाठली," असं निम्मा वर्ग लिहितो. क्षेत्रफळ बघा. बस ६४ मीटर गेली, बाइक ३२. बाइकवाला बत्तीस मीटर मागे आहे, आणि सगळ्यात जास्त मागे आहे तो नेमका याच क्षणी. आत्तापर्यंत बस त्याच्याहून जोरात होती म्हणून अंतर वाढत होतं, यापुढे घटेल. गाठणार तो सोळाव्या सेकंदाला, १२८ मीटरवर. छेदाच्या डावीकडे दोन रेघांच्या मधला जो त्रिकोण, ती उधारी, आणि उजवीकडचा तेवढाच त्रिकोण म्हणजे तिची फेड. गाठताना बाइकचा वेग बसच्या दुप्पट असतो, म्हणजे ताशी ५८ किलोमीटरच्या आसपास, आणि तेही साखळीच्या बाजारात. त्याबद्दल वेगळं बोलावं लागतं.

लिंबू वर फेकायचं उदाहरण पटकन उरकते. सेकंदाला ९.८ मीटर वेगाने सरळ वर फेकलं तर एका सेकंदात ४.९ मीटर वर जातं आणि आणखी एका सेकंदात हातात परत येतं. स्थानाचा ग्राफ कमान काढतो, आणि लगेच मुलांना वाटतं लिंबू कमानीतून गेलं. अहो, ते सरळ वर गेलं आणि सरळ खाली आलं, कमान वेळेने काढलीय. घाटातल्या डोंगराचाच हा भाऊ. वेगाचा ग्राफ काढला तर एकच सरळ रेघ, वर ९.८ पासून खाली उणे ९.८ पर्यंत, मध्ये शून्यातून आरपार. आणि पुन्हा तोच घोटाळा: "सगळ्यात वर त्वरण शून्य." रेघेची उंची, म्हणजे वेग, शून्य आहे; स्लोप, म्हणजे वेग बदलण्याचा दर, म्हणजेच त्वरण, नाही, तो सगळीकडे उणे ९.८ आहे. वर पोचल्यावर वेगही शून्य आणि त्वरणही शून्य असतं तर लिंबू तिथेच लटकून राहिलं असतं.

मोबाइलमधल्या त्वरणमापकाचा नाद मुलांना फार. जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठाने तयार केलेलं फायफॉक्स नावाचं फुकट अॅप आहे. टेबलावर ठेवलेला फोन ९.८ दाखवतो आणि मुलं फोन बिघडला म्हणतात. त्यासाठी गुरुत्व वगळून मोजायचा पर्याय त्यात आहे. पणजीला जाताना बसमध्ये ते लावून बघा. खड्ड्यांची दातेरी रेघ सोडून द्या. बस थांब्यावर उभी असताना रेघ शून्याच्या आसपास, आणि मांडवीवरच्या अटल सेतूवरून एकसारखी धावत असतानाही शून्याच्या आसपास. नुसत्या त्वरणाच्या ग्राफवरून बस उभी आहे की पळतेय हे सांगताच येत नाही. मला हे फार आवडतं, कारण आपण बसमध्ये डोळे मिटून बसलो की आपल्यालाही ते सांगता येत नाही.

एक तक्रार आहे ती लिहून टाकते. आपल्याकडे ग्राफ काढायला शिकवतात, वाचायला नाही. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये पेन्सिल टोकदार हवी, स्केल उजव्या कोपऱ्यात हवं, बिंदूंभोवती छोटे गोल हवेत, शीर्षकाखाली रेघ हवी. मुलं हे सगळं देवपूजेइतक्या निष्ठेने करतात. मग तोच ग्राफ समोर धरून विचारावं, "तिसऱ्या सेकंदाला ही गाडी कुठल्या दिशेने चाललीय?" तर गप्प. माझ्या हातात असतं तर नववीत पहिले काही तास आलेखाचा कागद वाटलाच नसता. फळ्यावर आकड्यांशिवाय रेघ काढायची आणि म्हणायचं, चालून दाखव.

आम्ही ते करतो. फळ्यावर स्थानाचा ग्राफ, ओसरीवर एक जण, बाकीचे परीक्षक. सपाट रेघ आली की थांबायचं, पुष्कळांना थांबवतच नाही, पाय आपोआप पुढे जातात. रेघ खाली वळली की उलट फिरायचं. मध्येच मी एक टोकदार कोपरा काढते. चालणारा तिथे धडपडतो आणि म्हणतो, टीचर, एवढ्या एकदम वेग बदलता येत नाही. मग कोपरा गोल करून घेतो. आणि एकदा तरी मी मुद्दाम उभी रेघ काढते. एक मुलगी तिच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "हे चालायला मला सगळीकडे एकदम असायला पाहिजे." नववीतली. तिला मी सरळ अकरावीच्या बाकावर बसवलं त्या दिवसापुरतं.

चतुर्थीच्या सुट्टीआधी गृहपाठ दिला होता. आपल्या वाड्यावर पाव विकायला येणाऱ्या पोदेराचा स्थान-काळ ग्राफ काढून आणा. भोंपू कुठे कुठे वाजला त्या वेळा टिपायच्या, घरांमधली अंतरं पावलांनी मोजायची. सगळ्यांचे ग्राफ पायऱ्यापायऱ्यांचे आले, तसेच यायला हवे. दारात थांबला की सपाट, पुढच्या घराकडे निघाला की तिरकी रेघ. ज्या घरी पाव जास्त घेतात तिथे पायरी रुंद. एका मुलीच्या ग्राफमध्ये सपाट भाग लांबलचक होता, तिथे पोदेर गप्पा मारत उभा राहतो म्हणे.

केरीच्या एकीच्या ग्राफमध्ये मात्र एका घरासमोर पायरीच नव्हती, आणि रेघ बाकी सगळीकडच्यापेक्षा कितीतरी उभी.

"इथे पाव घेत नाहीत का?"

"घेतात. पण त्यांचा कुत्रा सुटा असतो. पोदेर गेटवरून पिशवी फेकतो नि सुटतो."

शेजारच्याने लगेच विचारलं, मग याचा व्ही-टी, म्हणजे वेग-काळ ग्राफ, कसा दिसेल? तिने वहीत काढून दाखवला. छोटी टेकाडं, मध्ये मध्ये शून्य, आणि एका ठिकाणी एकच उंच सुळका. सुळक्याची उंची किती, हे तिला सांगता येईना, कारण अंतर पावलांत होतं. माझ्याकडची मोजायची टेप घेऊन गेलीय. अजून परत आलेली नाही.